भिंतीतून ओट्यावर

घराचं काम ओट्यापर्यंत आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काळाच घ्या, काळ्यावर डाग दिसत नाहीत. दुसरा म्हणतो, काळ्यानं स्वयंपाकघर अंधारतं, जरा खुलता रंग बघा. तिसरा पक्ष मिस्त्रीचा. तो फारसा बोलत नाही, पण बहुतेक वेळा तोच जिंकतो.

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या बाजारगावात आता स्लॅबचं घर आणि ग्रॅनाइटचा ओटा हे समीकरण पक्कं झालं आहे. त्यासाठी लोक लातूर गाठतात. लोखंडी घोड्यांवर तिरक्या उभ्या केलेल्या स्लॅबांच्या रांगांतून हिंडतात, हात फिरवून बघतात, स्क्वेअर फुटाचा भाव विचारतात, घासाघीस करतात. रंग, भाव आणि चमक यांवर तासभर चर्चा होते. हा दगड नेमका कोणता आणि आमच्या स्वयंपाकाशी त्याचं जमेल का, एवढं मात्र बहुतेक विचारायचं राहून जातं.

दगडाशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या या मुलखात असं व्हावं याचं नवल वाटतं. पण त्यामागे एक इतिहास आहे. तो भूगर्भापासून सुरू होतो आणि १९९३ सालच्या एका पहाटेतून जातो.

पायाखाली काळा, ओट्यावर परका

लातूर जिल्हा दगडावरच बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. तो थिजलेला लाव्हा म्हणजे बेसाल्ट, आपला काळा दगड. विहीर खणताना माती संपली की मुरूम लागतो, मुरूम संपला की हा लागतो, आणि मग सुरुंगाशिवाय गत नसते. जातं, पाटा, वरवंटा, उखळ सगळं याचंच. औशाच्या किल्ल्याचा तट याचाच.

मग ओट्याला हा का चालत नाही? कणखरपणात तो कुठेच कमी नाही. अडचण त्याच्या घडणीत आहे. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, पुढे त्यांत पांढरी झिओलाइटं आणि गारगोटी भरते. त्यामुळे भिंतीला लागणारी खांडकी भरपूर मिळते, पाट्याएवढा तुकडाही मिळतो. आठ-नऊ फूट लांबीची, एका अंगाची, बिनभेगेची स्लॅब कापता येईल असा मोठा ठोकळा मात्र दुर्मीळ. घरच्या दगडाचा ओटा झाला नाही तो यामुळे.

ग्रॅनाइटसारखा जुना स्फटिकी दगड आपल्याकडे नाही असंही नाही, फक्त तो फार खोल आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. त्यात ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच निघाला. त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर लागला आणि मग अब्जावधी वर्षं जुना स्फटिकी खडक. काळ्या दगडाची ही गादी पूर्वेकडे पातळ होत जाते. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेड, किनवट या बाजूंना ती संपते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. पुढे तेलंगणात शिरलं की माळावर एकावर एक रचल्यासारखे मोठमोठे गोल धोंडे दिसू लागतात. आपल्या बाजारात येणारा बराचसा ग्रॅनाइट याच मुलखातून आणि त्याच्या दक्षिणेकडून येतो. मुंबईच्या मानाने हैदराबाद आपल्याला जवळचं, आणि १९५६ पर्यंत तर आपला कारभारही तिथूनच चालायचा. फरशीचा व्यापार आजही त्याच दिशेला तोंड करून आहे.

भिंतीतला दगड

मुरुड-लातूरकडचं जुनं घर म्हणजे दगडी भिंती, लाकडी खण आणि वर माळवद. भिंत दीड-दोन फूट रुंद, कुठे त्याहूनही जास्त. बाहेरून एक दगडी पडदी, आतून दुसरी, मधे चिपा आणि माती. वर तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. मे महिन्यात असं घर गार राहायचं. गळती लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती चढायची, आणि वजन वाढत जायचं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक घराच्याच दगडाखाली गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

त्यानंतर या भागाच्या मनात दगडाविषयी जी भीती बसली ती अजून पुरती गेलेली नाही. ज्यांची घरं उभी होती त्यांनीही दगडी भिंती उतरवून विटा आणि काँक्रीटची घरं बांधली. माळवद पाडून कुणी पत्रे टाकले, कुणी स्लॅब घातली. उतरवलेला दगड पायात, कुंपणात, नाहीतर रस्त्याच्या भरावात गेला.

अभियंत्यांचा निष्कर्ष मात्र दगडावर ठपका ठेवणारा नव्हता. भिंतीच्या दोन पडद्या एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. आरपार जाणारे सांधेदगड नव्हते. मातीचा सांधा हादऱ्यात सुटला, पडद्या दोन बाजूंना फुगून पडल्या आणि वरचं वजन थेट खाली आलं. म्हणून पुढच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात दगडी भिंती सरसकट पाडा असं सांगितलं गेलं नाही. भिंतीत आरपार सांधे घाला, चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवा, कोपरे बांधा, माळवदाचं वजन कमी करा, असं सांगितलं गेलं. दगड धरून ठेवणारी व्यवस्था कच्ची होती, हा त्या सगळ्याचा अर्थ. ओट्याचा विचार करताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

चूल उठली, ओटा आला

जुन्या स्वयंपाकघरात ओटा नव्हता. चूल जमिनीवर, तिच्यापुढे बसायचं. काठवटीत भाकरी थापायची, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर. दगड सगळा बसल्या हाताच्या उंचीचा.

गॅस आला तशी ही मांडणी बदलली. मुंबईत १९५५ साली घरगुती गॅस सुरू झाला. मराठवाड्याच्या गावांत पोचायला त्याला कित्येक दशकं लागली. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवायची, हा गॅस कंपन्यांचा पहिला दंडक. म्हणजे शेगडीला उंच बैठक हवी, आणि उंच बैठक आली की बाईनं उभं राहायचं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि मागे राहिलेल्या घरांतही सिलिंडर गेले. जिथे नवी खोली बांधणं परवडत नव्हतं तिथेसुद्धा चार विटा रचून वर एक फरशी टाकली गेली. तोही ओटाच.

ती पहिली फरशी बहुधा शहाबादी असायची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड थराथरानं निघतो, पहारीनं उचकटला की फरशी तयार. कापायला यंत्र लागत नाही, म्हणून स्वस्त. तेलंगणातल्या तांडूरची फरशी याचंच भावंड. त्यानंतर कडप्पा आला, आंध्रातल्या कडप्पा-कर्नूलच्या बाजूचा. काळसर, घट्ट, पॉलिश केलं की बऱ्यापैकी चमकणारा. दाराच्या चौकटी, मांडणीचे कप्पे, न्हाणीतली बैठक, ओटा, सगळीकडे कडप्पा. मराठवाड्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या बहुतेक घरांत तो अजून ठाण मांडून आहे.

शहाबादी काय, कडप्पा काय, दोन्ही मूळचे चुनखडीचे. याचं महत्त्व वापरताना कळतं. लिंबू पिळताना रस सांडला, चिंचेचा कोळ उतू गेला, येळवशीच्या सणाला आंबिलीचं भांडं रात्रभर ओट्यावर राहिलं, की सकाळी तिथे पांढुरका, खरखरीत ठिपका दिसतो. घासून जात नाही, कारण तो डाग नसतोच. आंबटानं दगडाचा वरचा पापुद्रा खाल्लेला असतो.

नावं बाजाराची, दगड निसर्गाचा

आता ग्रॅनाइट. खरा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतात. काचेसारखी गारगोटी, गुलाबी किंवा पांढरा फेल्डस्पार, काळे चमकदार ठिपके अभ्रकाचे. कठीणपणाच्या दहाच्या मापात चुनखडीतलं कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर, फेल्डस्पार सहाव्या आणि गारगोटी सातव्या. स्टीलची सुरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे सुरीचा ओरखडा कडप्प्यावर उमटतो, ग्रॅनाइटवर मात्र सुरीच बोथट होते. शिवाय ग्रॅनाइटमधल्या या खनिजांना लिंबू-चिंचेचं आंबट काही करत नाही.

बाजारात मात्र जे कठीण आणि चमकणारं ते सगळं ग्रॅनाइट. सर्वांत मागणी असलेला काळा ग्रॅनाइट बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे रसायनाच्या दृष्टीनं आपल्या काळ्या दगडाचाच चुलतभाऊ. फरक एवढाच की तो जमिनीखाली सावकाश थंड झाला, म्हणून एकसंध राहिला. सोनेरी चांदण्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा; चांदण्या त्यातल्या ब्रॉन्झाइट खनिजाच्या. तपकिरी टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरचा. लालसर दगड कर्नाटकातल्या इलकलचा. ज्या गावचं इरकल लुगडं आपल्या आज्या नेसल्या, त्याच गावचा दगड आता सुनेच्या ओट्यावर आहे.

तेव्हा ‘ग्रॅनाइट आहे का?’ या प्रश्नाला अर्थ थोडाच. गॅब्रो असला तरी ओट्याला तो उत्तमच. विचारायचं ते असं: आंबटानं खाल्ला जातो का? तेल-पाणी पितो का? रंग खरा आहे का? तिन्हींची उत्तरं दुकानातच मिळतात.

दुकानदाराकडे त्याच स्लॅबचा ओंजळीएवढा तुकडा मागावा. त्यावर लिंबाचे चार थेंब टाकून पाचएक मिनिटं थांबावं. पुसून तुकडा उजेडाकडे तिरका धरावा. थेंबाच्या जागी चमक गेलेली दिसली तर दगडात चुन्याचा अंश आहे, नाव काहीही असो. मग दुसऱ्या कोपऱ्यावर साधं पाणी टाकावं. दोन-तीन मिनिटांत दगड गडद पडला तर तो पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. पाणी मोत्यासारखं वर बसून राहिलं तर बरं, पण थोडं थांबावं, कारण मेणाचं किंवा राळेचं पॉलिश असेल तर सुरुवातीला तसं होतंच. तुकड्याची मागची, बिनपॉलिशची बाजू खरं सांगते. शेवटी कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन काळा दगड घासावा. बोळा काळा झाला तर तो काळेपणा रंगाचा आहे. राखाडी दगड रंगवून काळा म्हणून विकला जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत शेगडीभोवतीचा रंग उडून ओटा ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

मोठी स्लॅब तपासताना नाणं वाजवावं. एकसंध स्लॅब खणखणीत वाजते, भेगेच्या जागी आवाज बद्द येतो. पाणी मारून कापडानं पुसावं. सगळं सुकल्यावरही केसासारखी एखादी रेघ ओली दिसली तर ती नुसती शीर नाही, चीर आहे. पाठीमागे फायबरची जाळी चिकटवलेली असेल तर दगड मुळात नाजूक आहे असं समजावं. असा दगड वाईटच असतो असं नाही, पण सिंकच्या कापाला तो नको. जाडी चारही बाजूंनी मोजावी. घरगुती कामाला साधारण १६ ते १८ मिलिमीटरचा माल मिळतो. एकाच स्लॅबची एक कड जाड आणि एक पातळ निघाली तर बसवताना पातळी साधत नाही. आणि पैसे ओट्याच्या मापाचे द्यायचे की पूर्ण स्लॅबचे, उरलेला तुकडा कुणाचा, हे आधीच बोलून घ्यावं. त्या तुकड्यात बाथरूमची पट्टी किंवा खिडकीची कड निघते.

हळद, तवा आणि बोअरचं पाणी

ओट्याचे बहुतेक सल्ले मोठ्या शहरांकडून येतात. मुरुडच्या स्वयंपाकघराच्या अडचणी जरा निराळ्या आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी अडचण पाण्याची.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी लातूरला पाणी आणावं लागलं, हे देशानं पाहिलं. त्याआधी आणि त्यानंतरही इथली असंख्य घरं बोअरच्या पाण्यावर आहेत. काळ्या दगडातून झिरपत आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ओट्यावर पाणी सांडतं, वाळतं, क्षार मागे उरतात. चकचकीत काळ्या दगडावर हा पांढरा थर सर्वांत उठून दिसतो. काळ्यावर डाग दिसत नाहीत हे तेलातुपापुरतं खरं. बोअरच्या पाण्याच्या घरात ते नेमकं उलटं होतं. अशा घरात तपकिरी, करडा किंवा मिश्र ठिपक्यांचा दगड जास्त समजूतदार. अगदी पांढराही नको. त्यात हळद दिसते, आणि काही पांढऱ्या दगडांतल्या लोहाला ओलीनं गंज येऊन पिवळे डाग उमटतात.

क्षार काढायला घरोघरी फरशीचं अ‍ॅसिड वापरलं जातं, आणि इथेच खरी फसगत होते. क्षाराचा पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर यांतही मुख्य घटक तोच. जे अ‍ॅसिड डाग खातं ते दगडही खातं, त्याला दोन्हीत फरक कळत नाही. घासताना फेस येतो तो स्वच्छतेचा नसतो, दगड विरघळत असल्याचा असतो. ग्रॅनाइटला यापासून धोका कमी, पण जोडातलं सिमेंट आणि स्टीलचं सिंक त्यातून सुटत नाहीत. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: रात्री झोपण्याआधी ओटा कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायचा. क्षार पाण्यासोबत येतो. पाणी वाळू दिलं नाही तर तो बसत नाही.

हळदीचा डाग मात्र भीतीच्या मानानं सोपा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. दगडात मुरला नसेल तर खिडकीतल्या उन्हानं तो आपणहून फिका पडतो. तेल चिवट. शेगडीभोवती दगड गडद दिसू लागला तर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप लावून वर प्लास्टिक झाकावं आणि रात्रभर ठेवावं. दोन-तीनदा केलं की बरंचसं तेल वर ओढलं जातं. पाणी पिणाऱ्या दगडाला सीलर लावून घेणं हा त्याहून चांगला मार्ग. तो एकदा लावून भागत नाही, पाणी पुन्हा मुरू लागलं की पुन्हा लावायचा.

तापलेला तवा ग्रॅनाइटवर टेकवला तर सहसा काही होत नाही, पण तापल्या जागी लगेच गार पाणी ओतलं तर आधीची बारीक चीर मोठी होऊ शकते. आणि भाकरी. काठवट असो की परात, ती ओट्यावर ठेवून थापली की हाताचा ठोका दगडापर्यंत पोचतो. तो सोसायची ताकद दगडात आहे. खालची बैठक पोकळ असेल तरच तो हरतो.

न्हाणीघराची गोष्ट वेगळी

स्वयंपाकघरात दगडाचं वैर आंबट आणि तेलाशी, न्हाणीत ते साबण, क्षार आणि अ‍ॅसिडशी. हौसेनं संगमरवर लावायचाच असेल तर तो बेसिनच्या ओट्याला चालून जातो. तिथे चिंच-लिंबू नसतं. अट एकच: संडास धुण्याचं अ‍ॅसिड त्याच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. केसांचा कलप आणि मेंदी फिकट दगडात मुरतात, सांडल्याबरोबर पुसावी. बेसिनच्या ओट्याला पुढच्या बाजूनं बारीक कड आणि बेसिनकडे किंचित उतार दिला की पाणी साचत नाही आणि क्षाराचं निम्मं दुखणं टळतं. जमिनीला मात्र चकचकीत दगड घालू नये. घरात म्हातारं माणूस असेल तर अजिबात नाही. उरलेल्या शहाबादीची खडबडीत बाजू तिथे महागड्या ग्रॅनाइटपेक्षा जास्त कामाची.

क्वार्ट्झ आणि त्याची धूळ

शहरातल्या कॅटलॉगांतून आता क्वार्ट्झचा ओटाही लातूरपर्यंत आला आहे. गारगोटीचा चुरा नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बाकी राळ व रंग, असा हा कारखान्यात दाबून केलेला दगड. इटलीतल्या ब्रेटन कंपनीचं हे तंत्र. रंग एकसारखा, पाणी पीत नाही, आंबटाला दाद देत नाही. पण राळ दीडशे अंशांच्या पुढे टिकत नाही आणि भाकरीचा तवा त्याहून बराच वर जातो. थेट तवा टेकवला तर पिवळट डाग कायमचा. उन्हातही राळ पिवळी पडते, म्हणून अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या ओट्याला तो नकोच.

त्याची खरी किंमत घरमालक मोजत नाही. ती कापणारा मोजतो. गारगोटी कोरडी कापली की डोळ्यांना न दिसणारी सिलिकाची धूळ उडते, फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यातून पुरतं बरं होण्याचा इलाज नाही. भारतात हा नोंद करणं बंधनकारक असलेला रोग आहे. ऑस्ट्रेलियानं तरुण कामगारांना हा रोग होताना पाहून १ जुलै २०२४ पासून असा कारखान्यातला दगड तयार करणं, विकणं, कापणं, बसवणं सगळ्यावरच बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही गारगोटी असते, पण बरीच कमी. काळ्या गॅब्रोत तर नावाला.

आपल्याकडे स्लॅबची कटाई बहुतेक वेळा घराच्या दारातच होते. मिस्त्री हातातलं कटर चालवतो, पांढरा धुरळा अंगणभर पसरतो, तोंडाला फार तर रुमाल. रुमालातून ही धूळ सहज पार होते. पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ उडण्याआधीच खाली बसते. एक बादली, एक नळी आणि एक पोरगा एवढाच त्याचा खर्च, आणि तो घरमालकानं आग्रहानं करायला हवा. जात्या-पाट्याला टाकी लावून, खाणीत घण मारून ज्या वडार-पाथरवट कुटुंबांनी या मुलखाला दगड पुरवला, त्यांच्या छातीत ही धूळ पिढ्यान्‌पिढ्या गेली आहे. यंत्रानं ती कमी व्हायला हवी होती. पाण्याशिवाय चालवलेल्या यंत्रानं वाढवली.

दगडाला धरून कोण ठेवतं?

मोडलेले ओटे नीट पाहिले तर दोष क्वचितच दगडात सापडतो. बहुतेक तडे चार ठिकाणी असतात: सिंकच्या कोपऱ्यात, सिंकपुढच्या अरुंद पट्टीत, दोन पायांच्या मधल्या लांब टप्प्यात आणि आधाराबाहेर निघालेल्या कडेला. चारही जागा मांडणीच्या आहेत.

आपल्याकडे ओटा असा बांधतात: विटांचे किंवा उभ्या कडप्प्याचे पाय, त्यावर आडवा कडप्पा, त्यावर सिमेंटचा माल आणि वर ग्रॅनाइट. ही पद्धत चांगली आहे, कारण अठरा मिलिमीटरच्या दगडाला खालून सलग बैठक मिळते. बिघडते ती घाईत. माल चार ढिगांत टाकून स्लॅब दाबली की ढिगांच्या मधे पोकळी राहते. वरून काही कळत नाही. वर्षभरानं त्याच जागी पाटा आपटतो, नाहीतर कुणी ओट्यावर चढून वरचा डबा काढतं, आणि दगड दगा देतो. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरानं ओटा ठोकून पाहावा. जिथे पोकळ वाजेल तिथे मिस्त्री समोर असतानाच उचलून परत बसवायला सांगावं.

सिंकचा काप काटकोनात घेऊ नये, कोपरे गोल असावेत. ताण कोपऱ्यात साठतो आणि तडा तिथूनच निघतो. घराच्या भिंतीतही तो दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून निघतो. सिंकपुढे चार बोटं तरी दगड राहू द्यावा आणि त्याखाली आधार द्यावा. पुढच्या कडेला खालून बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे सांडलेलं पाणी खाली ओघळून कपाटात न जाता तिथेच टपकतं. दोन स्लॅबांचा जोड सिंकवर किंवा शेगडीखाली येऊ देऊ नये. भिंतीला दगड कच्चून न भिडवता मधे सिलिकॉनची बारीक फट ठेवावी.

आणि उंची. बाजारात ३२ ते ३४ इंच हे ठरलेलं माप सांगतात. ते कुणाच्या उंचीवरून ठरलं, कोण जाणे. घरात रोज जी उभी राहते तिला मिस्त्रीपुढे उभं करावं, कोपर दुमडून जमिनीपासून माप घ्यावं आणि त्याखाली चार ते सहा इंचांवर ओटा ठरवावा. चिरणं-निवडणं वरच्या मापाला सोपं जातं. कणीक तिंबायला आणि भाकरी थापायला अंगाचा भार खाली टाकावा लागतो, त्याला खालचं माप बरं. जागा असेल तर ओट्याचा एक तुकडा दोन-तीन इंच खाली घ्यावा. खर्च तोच, पण खांदे आयुष्यभर वाचतात. घराच्या नकाशावर सगळ्यांच्या सह्या असतात, फक्त हे माप बहुतेक वेळा तिला न विचारता ठरतं.

१९९३ नंतर आपण दगडाला भिंतीतून काढलं आणि त्याच्याशी असलेली ओळखही सोडली. आता तो पातळ होऊन, चमक घेऊन, दुसऱ्या राज्यांतून घरात परत आला आहे. आपण त्याचा रंग बघतो, भाव बघतो आणि कशावर बसवायचा हे मिस्त्रीवर सोडून देतो. दगड पुरेसा मजबूत असूनही बांधणी कच्ची असेल तर काय होतं, हे या जिल्ह्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ओट्याच्या खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती स्लॅबच्या नावात करावी. गॅलेक्सीऐवजी साधा तपकिरी घ्यावा. पायांत, खालच्या कडप्प्यात, सिंकच्या कोपऱ्यात आणि कटरवरच्या पाण्याच्या धारेत काटकसर करू नये.